अडलं तर जायचं कुणाकडे?
संपादक महोदय,
माझी मुलगी इंग्लंडमध्ये शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये शिकते. आपल्याकडच्या अकरावी-बारावीचंच वय. ए-लेव्हल, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेचे विषय तीनच, पण खोल. मोकळ्या तासांना स्वतः अभ्यास करायचा, आणि पहिल्या सत्रात तिला नेमकं तेच जमेना. शाळेतल्या ट्यूटरने, म्हणजे मुलांकडे लक्ष द्यायला नेमलेल्या शिक्षकाने, तिला शेजारी बसवून आठवड्याचं वेळापत्रक आखून दिलं. ना ओरडा, ना पालकांना तंबी. गरजू मुलांना प्रवास, पुस्तकांसाठी सरकारी बर्सरी, म्हणजे आर्थिक मदतही मिळते.
पुण्यातला माझा भाचा बारावीत आहे. कॉलेजात हजेरीपुरता, बाकी दिवसभर क्लासमध्ये. अडलं तर कुणाकडे जायचं, हे त्याला ठाऊकच नाही. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजने वीस-पंचवीस मुलांमागे असा एक मार्गदर्शक पालक-शिक्षक खरोखर नेमावा आणि त्या कामाचे तास त्याच्या वेळापत्रकात धरावेत.
- एक पालक, लंडन