आइल ऑफ मे बेटावरून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा तू म्हणालीस, "जंत झालेत ना त्या पक्ष्यांना? मग औषध देऊन मोकळे व्हा की." फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहितेय.

स्कॉटलंडच्या या बेटावरचे शॅग म्हणजे आपल्या पाणकावळ्यांचे भाऊबंद. अंग काळपट हिरवं, डोळे पाचूसारखे. त्यांच्या जठरात कॉन्ट्रासीकम नावाचे जंत असतात. घशातून दुर्बीण आत सोडली की गुलाबी अस्तराला चिकटलेले पांढरे दोरे पडद्यावर दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा वावडिंगाचा काढा घेऊन माझ्यामागे धावणारी तू आठवलीस.

जंतांची अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात. तिथून ते पाण्यातल्या बारीक जिवांत, मग सँडईल माशांत आणि शेवटी पक्ष्याच्या पोटात जातात. पिलू आईच्या घशात डोकं खुपसून अर्धवट पचलेला मासा खातं, त्याच घासातून जंतही घेतं. घरट्याजवळ बसून हे बघताना माझा जीव तुटतो. ती बिचारी मिळेल ते सगळं त्याला देत असते.

औषध देऊनही पाहिलंय, याच जातीच्या पक्ष्यांवर. 2008 साली छापून आलेल्या प्रयोगातून कळलं की जंतांमुळे आयांना मुलगे वाढवणं जड जातं. नर पिलं अंगाने मोठी, त्यांना खायलाही जास्त लागतं. 2018 च्या अभ्यासात जंत जास्त असलेल्या माद्यांना उडायला 10 टक्के जास्त शक्ती लागत होती आणि त्या 44 टक्के कमी वेळ उडत होत्या. जंत मारून टाकत नाहीत गं, रोज थोडं थोडं खात राहतात.

बाबा, औषधाने जंत जातात, पण पुढच्या माशाबरोबर पुन्हा येतात. रानातल्या पक्ष्याला आयुष्यभर कोण डोस देणार? मला विचाराल तर त्यांना मासा पोटभर मिळणं जास्त गरजेचं आहे. 2024 पासून स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईल पकडायला बंदी आहे. त्या बातमीने मला किती बरं वाटलं, काय सांगू.

खालच्या कड्यावर एका मादीची पिलं यंदा उशिरा अंड्यातून बाहेर आलीत. तीन आहेत, अजून उघडीवाघडी. वारा पडला की उद्या सकाळी आधी तिकडेच जाणार आहे.

तब्येती जपा.

तुमची,
मनू