ट्रेलरवाल्यांसाठी आधी संडास बांधा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पालघर जिल्ह्यात होणाऱ्या वाढवण बंदराच्या बातम्या सारख्या येतात, ७६ हजार कोटी, ९ कंटेनर टर्मिनल, प्रत्येकी १००० मीटर लांब, २० मीटर खोल पाणी, वाचून बरं वाटतं. पण मी गेली १४ वर्षं उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरावर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे आहे, फॉर्म १३ (एक्स्पोर्टचा कंटेनर बंदरात न्यायचा परवाना) काढायचा, ड्रायव्हरला फोन लावायचा, गाडी गेट-इन झाली का, म्हणजे गेटातून आत गेली का, बघायचं, दिवसभर हेच, त्यामुळे मला पहिला प्रश्न हाच पडतो की गेटच्या बाहेर गाडी उभी कुठं राहणार आणि त्यातला माणूस जाणार कुठं?

न्हावा-शेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं, मुंबई बंदरावरचा लोड कमी करायला. आज इथं पाच कंटेनर टर्मिनल आहेत, त्यातल्या एकट्या बीएमसीटी टर्मिनलचा धक्का (जहाज लागतं ती जागा) २००० मीटरचा. २०२४-२५ ला वीस फुटी डब्याच्या (कंटेनरच्या) हिशोबात ७३ लाखांच्या आसपास डबे हाताळले गेले. थोडे रेल्वेने जातात, बाकी सगळे ट्रेलरवरच. बरं प्रत्येक टर्मिनलचं गेट वेगळं, रांग वेगळी, आणि आयत्या वेळी जहाज दुसऱ्या टर्मिनलला लागलं की आमची गाडी परत त्या रांगेच्या शेपटीला.

मागच्या फेब्रुवारीतलं सांगतो. निफाडची द्राक्षं, चाळीस फुटी रीफर म्हणजे थंड डबा, तो गार ठेवणारा जेनसेट (डिझेल जनरेटर) चालू. रात्री ११ ला गाडी एका टर्मिनलच्या रांगेत लागली, आत सिस्टीम स्लो होती म्हणे, आणि सकाळी ६ वाजले तरी गेट लांबच, मला कट-ऑफचं, म्हणजे डबा आत द्यायच्या शेवटच्या वेळेचं टेन्शन, डबा शटआऊट झाला, म्हणजे जहाजावर चढलाच नाही, तर पुढच्या जहाजापर्यंत द्राक्षांचं काय, जेनसेटचं डिझेल पुरेल का, म्हणून मी बाईकवरनं कॅन घेऊन गेलो. तर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, संध्याकाळपासून पाणीच प्यायलो नाय. प्यायलो तर जाऊ कुठं? गाडी सोडली तर नंबर जातो." बाजूला पाण्याची टाकी होती, पण तिला नळ नाही, नळाच्या भोकात कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकलेली. मागं खारफुटीत सगळे जातात, तो वास काय सांगू.

हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, कुणी द्यायचं यावर पार्टी (मालवाला), शिपिंग लाईन आणि आमचा मालक आठवडाभर भांडले. ड्रायव्हरच्या सात तासांचं बिल कुणी काढलंच नाही.

पार्किंग प्लाझा आहे, नाही असं नाही, फॅक्टरीत सील झालेल्या एक्स्पोर्टच्या गाड्यांची त्याने बरीच सोय झाली. पण रिकामा डबा यार्डात टाकायला आलेला किंवा इम्पोर्ट उचलायला आलेला ट्रेलर दिघोडे-चिरनेर रस्त्याच्या कडेलाच लागतो. मग गावकरी शिव्या घालतात, पोलीस पावती फाडतात, आणि गावकऱ्यांचं तरी काय चुकलं हो, जानेवारी १९८४ ला जासई-दास्तानला जमिनीसाठी पाच जण गोळीबारात गेले तेव्हा कुठं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा मार्ग मोकळा झाला, आणि आता त्याच गावातली पोरं दोन ट्रेलरच्या मधून बाईक काढत कॉलेजला जातात.

तर मागणी साधी आहे. टर्मिनलचं काँट्रॅक्ट देताना क्रेन किती, धक्का किती हे लिहिता ना, तसंच गेटबाहेर किती गाड्या उभ्या राहतील, किती संडास, अंघोळीला पाणी, रात्री चालू राहील असं कँटीन, हे पण लिहा, आणि नसेल तर दंड लावा. आत घ्यायची वेळ ड्रायव्हरच्या मोबाईलवर टाका म्हणजे तो बिचारा दोन तास झोपेल तरी. वाढवणला मुंबई-अहमदाबाद हायवेपासून बंदरापर्यंत नवा रस्ता होणार आहे, त्याच्या कडेला जागा आत्ताच राखून ठेवा, नंतर ती मिळत नाही हे आम्ही इथं बघतोय. (तिथल्या मच्छीमारांचा बंदरालाच विरोध आहे, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.)

ती खुंटीवाली टाकी परवापर्यंत तशीच होती. फोटो पाठवला तर छापाल का?

– एक ट्रान्सपोर्ट कर्मचारी, उरण