बहुवर्षायू भात आधी वायंगणात लावून पाहा

संपादक महोदय,

एकदा लावलेले भात चार वर्षे कापता येते, हे चीनमधील युनान विद्यापीठाच्या ‘पीआर २३’ वाणाने दाखवले. आफ्रिकेतल्या रानटी भाताशी संकर केल्यामुळे जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटवे येतात. आठ हंगामांत दर हंगामाला हेक्टरी सरासरी ६.८ टन भात निघाले. पाचव्या वर्षी मात्र उत्पादन घसरते. लावणीला माणसे मिळत नसलेल्या गोव्यात याची चाचणी व्हायलाच हवी. पण सरद (पावसाळी पिकाचे) शेत कापणीनंतर सुकते आणि मोकाट गुरे फुटवे खातात. म्हणून सुरुवात पाणी टिकणाऱ्या, कुंपण घातलेल्या वायंगण (पावसाळ्यानंतरच्या, रब्बी पिकाच्या) शेतात करावी. नांगरट नसल्याने तण माजते, बेणणी चुकवू नये. खाऱ्या खाजनासाठी (भरतीच्या पाण्यालगतच्या सखल शेतीसाठी) खारेपणा सोसणाऱ्या कोरगुट या स्थानिक भाताशी संकर करून पाहावा, तोही आताच.

– एक वाचक, डिचोली