'रागम'वरचा तानपुरा हरवतो कुठे?

संपादक महोदय,

आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची 'रागम' ही चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी बंगळूरहून सुरू झाली. मोबाइलवर 'न्यूज ऑन एअर' ॲपमध्ये आणि डीडी फ्री डिशवर ती फुकट ऐकता येते. तरी तिच्याविषयी एक तक्रार हमखास निघते. गाणे ठीक, पण तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो आणि डग्गा तर गायबच. दोष प्रक्षेपणाच्या माथी मारला जातो. थोडा तो आहेही. पण बराचसा दोष घरातल्या मांडणीत असतो आणि तो घरच्या घरी काढता येतो.

आधी डग्गा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची. मोबाइलचा इवलासा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. षड्ज तरीही ओळखू येतो, कारण मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यात वर तसे फारसे काही नसतेच, म्हणून मोबाइलवर 'धा'चा सरळ 'ना' होतो. निदान चार-पाच इंची स्पीकरची जोडी हवी. ती भिंतीपासून हातभर पुढे ठेवावी. कोपऱ्यात खुपसली तर उलटे होते, डग्गा ढबढबतो आणि विलंबितातली लय धूसर होते.

तानपुऱ्याचे दुखणे वेगळे. जवारी म्हणजे वरच्या स्वयंभू स्वरांची झळाळी. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला थोडीच माहिती पाठवायची म्हणून, आवाजाची माहिती आटवताना नेमका हाच वरचा भाग टाकून देतात आणि ऐकणाऱ्याच्या बाजूला खालच्या भागावरून अंदाजाने पुन्हा रचतात. निवेदकाच्या बोलण्यात हे कळत नाही. तासभर अखंड झंकारणाऱ्या तारांत मात्र लगेच कळते, झळाळी हलू लागते, भोवरे येतात. इथवरचा दोष प्रसारणाचा. पुढचा आपला, कारण तोच आवाज आपण ब्लूटूथने स्पीकरला पाठवतो. ब्लूटूथ त्याची माहिती पुन्हा एकदा आटवतो आणि उरलीसुरली जवारीही जाते. त्यापेक्षा साधी तार बरी. फोनला ३.५ मिमीचे भोक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो. तो आत डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप, असलेलाच घ्यावा, नुसते वायर जोडणारे स्वस्त अडॅप्टर पुष्कळ फोनवर आवाजच देत नाहीत.

फोन, टीव्ही आणि साउंडबारमधील 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम', 'डायलॉग' हे सगळे पर्याय बंद करावेत. ते हळू आवाज मोठा करतात आणि मोठा आवाज दाबतात. आलापात गायक क्षणभर थांबला की तानपुरा एकदम फुगतो आणि गायक सुरू झाला की बसतो, हे त्यांचेच कर्तृत्व. बातम्या ऐकायला त्या सोयी ठीक आहेत.

ॲपवर ख्याल ऐन रंगात येताना आवाज बंद पडतो, त्याचे कारण बहुधा इंटरनेट नसून फोनची बॅटरी वाचवण्याची खोड असते. स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने अँड्रॉइड मागे चाललेली ॲप झोपवतो. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग न्यूज ऑन एअर, मग बॅटरी असे जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडले की बहुतेक वेळा हा त्रास थांबतो. डेटाची भीती नको. ६४ केबीपीएसच्या बिटरेटला तासाला जेमतेम २९ एमबी लागतात, १२८ ला ५८. स्वयंपाकघरात ऐकत असाल तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवावे. २.४ वर मायक्रोवेव्ह लावला की अडखळणे आलेच.

रोज तासन्‌तास ऐकणाऱ्यांसाठी माझ्या मते फ्री डिशच उत्तम. रिमोटवरचे टीव्ही/रेडिओचे बटण दाबून 'रागम' लावावे आणि टीव्ही बंद करावा, बॉक्स चालूच राहतो. बॉक्समागच्या लाल-पांढऱ्या जॅकमधून तार थेट ॲम्प्लिफायरला न्यावी. नव्या छोट्या बॉक्सना ३.५ मिमीचा एकच जॅक असतो, आणि त्यात चित्राचा सिग्नलही असतो. साधी स्टिरिओ पिन घातली तर एखाद्या बाजूने नुसती घरघर येते. तारेत दोष नसतो, पिनेवरच्या कड्यांचा क्रम जुळत नाही इतकेच. त्या बॉक्सची एव्ही तारच वापरावी आणि तिची पिवळी पिन मोकळी सोडावी.

डिशची केबल आणि ॲम्प्लिफायरचे अर्थिंग मिळून कधी कधी विजेच्या ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, म्हणजे १०० हर्ट्झचाही, घुंकार येतो. काळी एकच्या तानपुऱ्याची पहिली तार, म्हणजे मंद्र पंचम, असते १०४ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे घरात लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक उतरलेला पंचम सतत वाजत राहतो, आणि गायक बेसूर वाटतो तो उगीचच. बॉक्स आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहावेत, बऱ्याचदा तेवढे पुरते. पावसाळ्यात जोराच्या सरीत सिग्नल काही मिनिटे जातो, त्याला इलाज नाही. पाऊस थांबूनही तासन्‌तास येत नसेल, तर एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या छोट्या सिग्नल-ग्राहकाच्या, जोडात बहुधा पाणी शिरलेले असते. जोडाला रबरी टेप गुंडाळावी आणि त्याखाली केबलला झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते.

मध्यम लहरींवरच्या डिजिटल प्रसारणाचा, म्हणजे डीआरएमचा, संच घेणाऱ्यांनी आपल्या गावी कोणते केंद्र डिजिटल येते आणि त्यावर शास्त्रीय संगीत किती, हे आधी पाहावे. जुन्या रेडिओवर सिग्नल कमी झाला की खरखर वाढायची, गाणे चालू राहायचे. इथे एका मर्यादेखाली आवाज अख्खाच तुटतो. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइल चार्जर आणि इन्व्हर्टर हे त्याचे घरातले वैरी. ते एकेक बंद करून पाहावेत, संच खिडकीशी न्यावा आणि सावकाश फिरवावा, कारण आतल्या फेराइट दांड्याला, म्हणजे अँटेनाला, दिशा असते. प्रत्येक वेळी फिरवल्यावर काही सेकंद थांबावे, संचाला सिग्नल पुन्हा जुळवायला तेवढा वेळ लागतो. आणि कुठल्याही डिजिटल रेडिओवर घड्याळ लावू नये. वेळेचे ठोके उशिराने पोचतात, ॲपवर तर अर्ध्या मिनिटानेसुद्धा.

अमेरिकेतल्या मराठी श्रोत्यांचा आणखी एक पेच आहे. आपल्याकडे सकाळी सहाला लागलेला ललत हा पहाटेचा राग उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्री साडेआठला पोचतो. प्रहर पाळणाऱ्यांची पंचाईतच.

राहिलेली अडचण घरात सुटणारी नाही. निवेदन हुकले की राग कोणता, साथीला कोण, हे कार्यक्रम संपेपर्यंत कळत नाही. डीआरएमच्या मजकूर-संदेशात १२८ बाइट मावतात. देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, तरी 'राग मारवा, विलंबित एकताल' ही ओळ ६४ बाइटांत बसते आणि कलाकाराच्या नावाला तेवढीच जागा उरते. आकाशवाणीने ही ओळ डीआरएमवर, ॲपवर आणि फ्री डिशच्या पडद्यावर नेमाने द्यावी. आपल्या दैनिकानेही 'रागम' आणि आकाशवाणी संगीत सभेची साप्ताहिक कार्यक्रमपत्रिका रविवारच्या अंकात छापावी, ही विनंती. पूर्वी वृत्तपत्रांत आकाशवाणीच्या कार्यक्रमांचे सदर असायचेच.

– एक श्रोता, मिरज