दोरीला टांगलेला चेंडू

परभणी,
रविवार, २० ऑगस्ट २०२३

चि. गुड्डीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी रात्री तू फोन ठेवलास, त्याला चार दिवस झाले. तुझी आई रोज तुझ्याशी बोलते ते मला कळतं. स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलते आणि बाहेर आल्यावर "बरी आहे" एवढंच सांगते. मीही पुढं विचारत नाही. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, लिहिताना तसं होणार नाही असं वाटतं.

आधीच सांगून ठेवतो, फुटबॉलमध्ये हेड मारू नको, चेंडू डोक्यानं मारू नको, असं या पत्रात मी लिहिणार नाही. बुधवारी मी तसा का बोललो तेवढं सांगायचंय. तुला त्यातलं निम्मंच माहीत आहे.

पंधरा ऑगस्टला संध्याकाळी चाचांचा फोन आला. "बडे मियाँ गए," म्हणाले आणि गप्प झाले. मोहम्मद हबीब, भारताकडून खेळलेले आपले फुटबॉलपटू, हैदराबादला वारले. वय ७४. डिमेन्शिया होता, पार्किन्सन्सही होता. आजारी आहेत हे आम्हाला माहीत होतं, तरी बातमी आली तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसताच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी दुकान लवकर आवरलं. अर्धं शटर ओढून घेतलं आणि आम्ही सात जण आत बसलो, टायर-ट्यूबच्या वासात. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. चाचांनी ती चोपडी काढली. तू लहानपणी बघितलीस ती, लाल कापडी पुठ्ठ्याची. पुढून उघडली की चाचांच्या अब्बांची उधारी आणि मागून उघडली की कात्रणं. मैद्याची खळ लावून चिकटवलेली. त्या खळीला कसर लागली आणि आता कात्रणांची जाळी झालीय. उर्दू अक्षरांच्या मधून पलीकडचं उधारीचं पान दिसतं. १९७७ च्या मॅचचा फोटो नेमका घडीवर फाटलाय. चाचांनी तो बोटांनी जुळवून धरला आणि प्रत्येकाच्या समोर फिरवला. हातात कुणाच्याच दिला नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. हैदराबादचा उर्दू पेपर रेल्वेनं यायचा आणि अब्बा पंक्चर काढता काढता तो मोठ्यानं वाचायचे. २४ सप्टेंबरला कलकत्त्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि न्यूयॉर्कचा कॉसमॉस क्लब. कॉसमॉसकडून खुद्द पेले. पावसानं मैदानाचा पार चिखल झालेला. आधी गोल खाल्ला, मग श्याम थापानं फेडला, आणि मग हबीबनं मारला. दोन-एक! अब्बांनी हातातलं रबर खाली ठेवलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. शेवटी पेनल्टीवर दोन-दोन झालं ते त्यांनी भरभर वाचून टाकलं. "अपने तरफ का लडका," असं ते हबीबला म्हणायचे. आपल्याकडचा. कारण १९४८ पर्यंत परभणी काय आणि हैदराबाद काय, निजामाचंच राज्य. अब्बांच्या पिढीला मुंबई परकी होती, हैदराबाद घरचं. आणि त्या घरच्या माणसानं पेलेसमोर गोल मारला होता.

एक गोष्ट सांगू? आमच्यातल्या एकानंही हबीबला मैदानावर खेळताना बघितलेलं नाही. चाचांनीही नाही. १९७० ला बँकॉकच्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा मी सहा वर्षांचा. कलकत्त्याचे तिन्ही मोठे क्लब ते खेळले, ईस्ट बंगाल, मोहन बागान, मोहमेडन. १९८० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण आमच्यासाठी हबीब म्हणजे अब्बांचा आवाज आणि हे फाटके फोटो. तरी बुधवारी दुकानात मयताच्या घरी बसतात तसे आम्ही बसलो होतो. त्याच मॅचला मोहन बागानचा गोलकीपर शिवाजी बॅनर्जी पेलेच्या पायात झेपावला होता. ते ऐकून मी गोलात उभा राहिलो, तो शेवटपर्यंत तिथंच. हे मुद्दाम लिहितोय, पुढं त्याचा संबंध आहे.

आता बापूकाकांचं. तुला आम्ही हे सांगितलं नव्हतं, तुझ्या आईनं नको म्हटलं. बापूकाकांना हल्ली लक्षात राहत नाही. बुधवारी त्यांचा मुलगा त्यांना स्कूटीवर घेऊन आला. छान इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. बसले, चहा घेतला, फोटो बघितला आणि म्हणाले, "हबीब कसा आहे रे आता?" चाचांनी सांगितलं. बापूकाकांचा चेहरा एकदम पडला. कप खाली ठेवला, डोळे पुसले. पाच मिनिटांनी पुन्हा, "हबीब कसा आहे?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच, तेवढंच दुःख, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. तिसऱ्यांदाही तेच झालं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "ठीक है बापूराव, हैदराबाद में है." मग आम्ही कुणीच काही बोललो नाही.

गुड्डे, या माणसासारखं हेड मारणारा परभणीत झाला नाही. कॉर्नर आला की गोलात मी डोळे मिटले तरी चालायचं. कातड्याचा चेंडू पावसात भिजला की दगडासारखा व्हायचा, तरी ते कपाळ पुढं करायचे. संध्याकाळी कपाळावर शिवणीचा वळ दिसायचा आणि आम्ही कौतुकानं बघायचो.

डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, ७१ वय आहे. असेल. हबीबचा आजार हेड मारून झाला असंही कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण दुकानातून घरी आलो आणि तासाभरात तुझा फोन, की प्रॅक्टिसला एका पोरीच्या डोक्यावर डोकं आपटलं, थोडं भणभणलं, दहा मिनिटं बाहेर बसले आणि पुन्हा उतरले. हसत सांगत होतीस तू. माझ्या डोळ्यांसमोर बापूकाकांचा कप होता.

म्हणून ओरडलो. "आजपासून हेड बंद" म्हणालो, हे चुकलंच. स्टॉपरला, बचावाच्या मधोमध खेळणाऱ्या पोरीला हेड बंद म्हणणं म्हणजे घरी ये म्हणण्यासारखंच आहे. मला ते म्हणायचं नव्हतं. तू विचारलंस, "बाबा, हेड मारायला मला शिकवलं कुणी?" आणि फोन ठेवलास. चार दिवस तेच एक वाक्य कानात आहे.

मी शिकवलं. नऊ वर्षांची होतीस. जाळीच्या पिशवीत चेंडू घालून लिंबाच्या फांदीला टांगला. तू वाढलीस तशी दर वर्षी दोरी वर घेतली. रोज पन्नास. मान ताठ, डोळे उघडे, कपाळानं मार, टाळूनं नाही. आई म्हणायची पोरीचं डोकं दुखेल, मी म्हणायचो शिकल्यावर दुखत नाही. परवा दादाला सांगितलं, मोबाइलवर या विषयाचं काय ते काढून दे. त्यानं काढून दिलं आणि मी दोन रात्री वाचत बसलो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून मोठमोठ्या क्लबच्या खेळाडूंनासुद्धा सांगितलंय की सरावात जोराचे हेड आठवड्याला दहाच. आठवड्याला! आणि मी माझ्या लेकराला रोज पन्नास लावले. दोरीच्या चेंडूला कसला जोर, असं तू म्हणशील. खरंय. तरी मी हिशोब करत बसलो.

तिकडं जेफ ॲस्टल नावाचा फॉरवर्ड होता, इंग्लंडकडून खेळलेला, हेडसाठी नावाजलेला. २००२ ला वारला, ५९ व्या वर्षी. चौकशीत निकाल आला की हा कामामुळं झालेला मेंदूचा आजार, खाणीतल्या माणसाला होतो तसा. पुढं ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ जुन्या खेळाडूंची नोंद तपासली. मेंदूच्या अशा आजारानं मरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साडेतीन पट निघालं. २०१९ ची गोष्ट. दोन वर्षांनी त्यांनीच कोण कुठं खेळायचा ते बघितलं. गोलकीपरना धोका चारचौघांइतकाच. सगळ्यात जास्त बॅकना, म्हणजे बचावाला खेळणाऱ्यांना, पाचेक पट.

गोलकीपर मी. बॅक तू. शिकवलं मी.

तुझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पुढचंही वाचा ना. त्याच अभ्यासात आहे की या खेळाडूंना हृदयविकारानं मरण कमी येतं, सत्तरीपर्यंत ते इतरांपेक्षा जास्त जगतात. आणि साडेतीन पट म्हटलं तरी शंभरात दोघंसुद्धा त्या आजारानं गेले नाहीत. शिवाय सगळे पुरुष, जुने चेंडू. तुमच्या चेंडूला पाणी लागत नाही. आई बरोबर बोलते. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे, तू तिच्यावर गेलीस.

तरी एवढं ऐक. डोकं आपटलं, भणभणलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. दहा मिनिटांनी नाही, अर्ध्या तासानं नाही, फायनल असली तरी नाही. कुणी "काही होत नाही, उतर" म्हटलं तरी नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, गुंगी आली तर रूमवर झोपून न राहता सरळ दवाखाना. खोलीतल्या पोरीला सांगून ठेव. मग दोन-तीन दिवस आराम, डॉक्टरला विचारून आधी चालणं, मग पळणं, मग चेंडू, आणि हेड सगळ्यात शेवटी. पहिली मार बरी व्हायच्या आत दुसरी लागली तर ती फार वाईट, विशेषतः तुमच्या वयात. मानेचा व्यायाम सोडू नको. सरावाला हेड मोजून मार. आता हे तुझ्या सरांना सांगायचं धाडस तुला होत नसेल तर मी

बघ, पुन्हा तेच सुरू झालं. पान उलटून बघितलं तर सगळं त्यावरच लिहून बसलोय. माफ कर. वीस वर्षांची आहेस, कोल्हापुरासारख्या गावात खेळतेस, जिथं मॅचच्या दिवशी पेठा रिकाम्या होऊन सगळं गाव शाहू स्टेडियमवर असतं. तिथं परभणीची पोरगी स्टॉपरला उभी आहे, ही साधी गोष्ट नाही. मी इथं दुधवाल्यालासुद्धा सांगितलंय.

तुला ती आंतरशालेय मॅच आठवते का, नववीतली? पाऊस, काळी माती, प्रत्येकीच्या बुटाला शेरभर चिखल. शेवटची मिनिटं आणि त्यांचा कॉर्नर. तू सगळ्यांत बुटकी. मी कठड्याला धरून उभा होतो. चेंडू वर आला आणि तू एकटीच वर गेलीस. बाकीच्या पोरी चिखलात रुतल्यासारख्या जागच्या जागी. आवाज आला तो अजून ऐकू येतो मला. चेंडू पार अर्ध्यापर्यंत गेला. बापूकाका पायरीवर उभे राहिले आणि टोपी भिरकावली, ती कुणाच्या तरी छत्रीवर जाऊन पडली. "माझी आहे ही, माझी!" असं ओरडत होते. तू मात्र कपाळावरचा चिखल पुसत मला शोधत होतीस. तुझे डोळे मला सापडले तेव्हा मला बोलता येईना, नुसता हात वर केला.

काल सकाळी बापूकाकांकडं गेलो होतो. तुझं नाव त्यांना चटकन आठवलं नाही. मी म्हटलं, स्टॉपर. लगेच म्हणाले, "टायमिंग आहे पोरीत."

बाकी इथं पावसानं ओढ दिलीय. अख्खा ऑगस्ट कोरडा चाललाय, सोयाबीन माना टाकू लागलंय. दादा खताचे पैसे मागतो, मी थांब म्हणतो. तुझी आई महालक्ष्म्यांना ये म्हणते. मॅचेस असतील तर हट्ट नाही. आलीस तर नांदेडपर्यंत जाऊन तुला चांगले बूट घेऊ, ते जुने आता टाक.

उद्या नागपंचमी आहे आणि पहिला श्रावणी सोमवारही. शेजारच्या पोरी झोका बांधायला फांदी मागायला आल्या होत्या, दरवर्षीसारख्या. चेंडू अजून तिथंच टांगलेला होता. तू गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. पिशवीची जाळी उन्हानं विरलीय, चेंडूतली हवा गेलीय. शिडी लावून मी तो सोडला. दोरी पोरींना देऊन टाकावी असं एकदा मनात आलं.

दिली नाही. झोक्याला नवी आणली. चेंडूत हवा भरली, पलीकडच्या बारक्या फांदीला बांधला. दोरी लांब ठेवलीय. मी उभा राहून बघितलं, माझ्या पोटाला लागतो. म्हणजे तुझ्या छातीला लागेल.

आई म्हणते रात्री नऊनंतर तू मोकळी असतेस. मी फोन करणार नाही. तू केलास तर उचलीन, आणि दुसरंच काहीतरी बोलेन.

तुझे,
बाबा