सूचना : स्पिअरगनची दोरी व रील तपासून घेण्याबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, पुढील डुबकीपूर्वी प्रत्येकाने आपल्या स्पिअरगनवरील (पाण्याखाली मासे मारण्यासाठी भाला सोडणाऱ्या बंदुकीवरील) भाल्याची दोरी आणि रील (दोरी गुंडाळण्याची चकरी) स्वतः तपासून घ्यावी.

दोरी मोनोफिलामेंटची (एकाच अखंड कृत्रिम धाग्याची) असल्यास भाल्याच्या छिद्रालगतचा वीतभर भाग नखाने चाचपावा. तेथे खरखर किंवा पांढुरका चरा आढळल्यास गाठ मारून वेळ मारून नेऊ नये, संपूर्ण दोरी बदलावी. क्रिंप (दोरीचा फास पक्का करण्यासाठी दाबून बसवायची धातूची छोटी नळी) दोरीच्या जाडीचाच घ्यावा आणि दाबताना त्याच्या दोन्ही कडा किंचित मोकळ्या ठेवाव्यात, कारण दाबली गेलेली कडाच पुढे दोरी कापते.

स्पिअरगनच्या पुढच्या टोकाचा आकडा (हूक) आणि चापाजवळचा, दोरी अडकवून ठेवणारा खटका यांमध्ये दोरीचे वेढे ताठ बसावेत, मात्र चाप ओढल्यावर खटका अडकेल इतके घट्ट नसावेत. टोकाला बंजी (लवचीक रबरी दोरी) लावल्यास हा ताण साधणे पुष्कळ सोपे जाते.

रीलवरील डायनीमाची (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी ओली करून, ताण देतच गुंडाळावी. सैल गुंडाळलेल्या दोरीचे वरचे वेढे मासा ओढू लागताच खालच्या थरांत रुततात आणि रील नेमकी त्याच क्षणी जाम होते. ब्रेक भाला सुटताना रील भरकन फिरणार नाही, पण माशाच्या ओढीने दोरी सुटत राहील, एवढाच आवळावा.

रील अडकल्यास स्पिअरगन सोडून वर यावे. दोरी कापण्यासाठी सुरी प्रत्येकाने सहज हात पोहोचेल अशी बाळगणे बंधनकारक आहे.