गेम शिकवताना आधी लूप नीट शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत कोल्हापुरात मुलांसाठी पायथनमधून गेम बनवण्याचे वर्ग भरतात, याचा मनापासून आनंद वाटतो. पण चित्रं नि आवाजावर आठवडा घालवून गेम लूप (गेम चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणारा कोडचा भाग) दोन मिनिटांत उरकू नये, अशी शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

पायगेममध्ये (पायथनची गेम बनवायची लायब्ररी) या व्हाईल लूपचा क्रम साधा आहे: इव्हेंट (कळ दाबणं, माउस हलवणं) वाचा, स्थिती बदला, पडदा पुसून चित्र पुन्हा काढा, मग फ्लिप, म्हणजे काढलेलं चित्र खिडकीत दाखवा. इव्हेंट वाचलेच नाहीत तर खिडकी 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते आणि पोरांना वाटतं संगणकच बिघडला. पडदा पुसायचा राहिला तर चित्रामागे शेपूट उमटत जातं.

खरी गोम वेळेत आहे. समजा गेममध्ये रंकाळ्यातली होडी आहे. ती ८०० पिक्सेल रुंद खिडकीत लूपच्या प्रत्येक फेरीला ५ पिक्सेल सरकवली, तर सेकंदाला ६० फेऱ्या होणाऱ्या संगणकावर ती पावणेतीन सेकंदांच्या आत पार होते. शाळेतल्या जुन्या संगणकावर ३० फेऱ्याच झाल्या, तर सव्वापाच सेकंदांहून जास्त लागतात. म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबात धरावा, समजा २०० पिक्सेल. पायगेमच्या क्लॉकचं टिक(६०) सेकंदाला जास्तीत जास्त ६० फेऱ्या होऊ देतं आणि मागच्या फेरीपासून गेलेले मिलिसेकंद परत देतं. त्याला १००० ने भागून वेगाने गुणलं की या फेरीचं अंतर मिळतं. टिक गाळलं तर लूप मोकाट सुटतो, प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण अडकतो आणि पंखा घरघरायला लागतो.

इथे एक चूक हमखास होते. होडीची जागा थेट रेक्टमध्ये (पायगेमचा चौकोन) ठेवतात. रेक्ट पूर्णांकच साठवतो. वेग ५० असेल तर एका फेरीत ०.८३ पिक्सेल मिळतात, अपूर्णांक कापला जातो आणि होडी उजवीकडे हलतच नाही. डावीकडे मात्र दर फेरीला पूर्ण १ पिक्सेल जाते! जागा फ्लोटमध्ये (अपूर्णांक साठवणारी संख्या) ठेवावी, काढतानाच रेक्टमध्ये भरावी.

विंडोजवर खिडकी माउसने ओढून धरली की लूप थांबतो. दोन सेकंदांनी सोडली की होडी एका उडीत ४०० पिक्सेल जाते, भिंतीपलीकडेसुद्धा. ते टाळण्यासाठी हिशेबात धरायचा फेरीचा वेळ जास्तीत जास्त ०.०५ सेकंदावर रोखावा.

मुलांकडून एक तपासणी जरूर करून घ्या: टिकमध्ये आधी ३०, मग १२० घालून गेम चालवायचा. २०० च्या वेगाने होडीला दोन्ही वेळा चारच सेकंद लागले पाहिजेत.

— एक संगणक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर